हर्मीसचे वय: एका चुकलेल्या कालनिर्णयावर वाढलेली पाश्चात्त्य गूढविद्या

ताम्रपट

पाश्चात्त्य गूढविद्येवरचे लेखन सहसा पिरॅमिडांच्या सावलीत सुरू होते. मला ते फ्लॉरेन्समधील एका सावकाराच्या वाड्यापासून सुरू करावेसे वाटते. १४६० च्या सुमारास लिओनार्दो दा पिस्तोइया नावाच्या एका साधूने मॅसिडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित आणून कोझिमो दे मेदिची याच्या हाती दिले. कोझिमो तेव्हा सत्तरीच्या घरात होता. प्लेटोचे सर्व संवाद लॅटिनमध्ये आणण्यासाठी त्याने मार्सिलिओ फिचिनो या तरुण विद्वानाला आश्रय दिला होता. पण ही पोथी मिळताच प्लेटो बाजूला ठेवून आधी हिचे भाषांतर करावे, असे त्याने फिचिनोला सांगितले. १४६३ साली ते काम पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी कोझिमो वारला. प्लेटोला थांबवून ठेवण्याइतके या पोथीत काय होते, हा या धाग्याचा पहिला प्रश्न आहे.

पोथी हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे 'त्रिवार थोर हर्मीस', याच्या नावावर होती. ग्रीकांचा हर्मीस आणि इजिप्तचा लेखनदेव थोथ यांच्या मिलाफातून हे नाव घडले असले, तरी पंधराव्या शतकातील विद्वानांच्या दृष्टीने तो मोझेसच्या काळात होऊन गेलेला एक हाडामांसाचा ऋषी होता. या समजुतीला केवळ भाबडेपणा म्हणता येणार नाही, कारण तिला आधार भक्कम होते. चौथ्या शतकातील लॅक्टँशियस या ख्रिस्ती पंडिताने हर्मीसला ख्रिस्ताची चाहूल आधीच लागलेला द्रष्टा मानले होते, आणि ज्या ऑगस्टीनने त्याच्या मूर्तिविद्येचा, म्हणजे मूर्तींत देव उतरवण्याच्या विद्येचा, कडक निषेध केला त्यानेही त्याच्या प्राचीनत्वावर शंका घेतली नव्हती. सिएना येथील कॅथीड्रलच्या फरशीवर १४८८ साली केलेली त्याची संगमरवरी आकृती आजही आहे, आणि तो 'मोझेसचा समकालीन' असल्याचे तिच्यापाशी लिहिलेले आहे.

यातून फिचिनोने एक परंपरा मांडली. आरंभी एकच निर्मळ ज्ञान होते. हर्मीस, ऑर्फियस, पायथागोरस अशा गुरुशिष्यांच्या साखळीने ते प्लेटोपर्यंत आले. म्हणून जितके मागे जावे तितके ज्ञान शुद्ध. पिको देल्ला मिरांदोला याने १४८६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ९०० प्रमेये मांडून त्यांवर रोममध्ये जाहीर वाद करण्याचे आव्हान दिले, आणि त्यांत कबाला या ज्यूंच्या गूढ परंपरेलाही याच साखळीत गोवले. पोप आठवा इनोसंट याने त्यातील १३ प्रमेये आक्षेपार्ह ठरवून तो वाद होऊच दिला नाही. तरीही १५३३ पर्यंत कॉर्नेलियस अग्रिप्पाचे गूढविद्येवरील तिन्ही खंड छापून झाले होते, आणि ग्रहांचा धातूंशी, धातूंचा वनस्पतींशी, वनस्पतींचा शरीराच्या अवयवांशी संबंध जोडणारे विश्वाचे एक पूर्ण चित्र सुशिक्षित युरोपीय वाचकासमोर आले होते.

१६१४ साली आयझॅक कॅसोबाँ या भाषापंडिताने हर्मीसची पोथी ख्रिस्तानंतरची असल्याचे दाखवून दिले. ज्या इमारतीचा पायाच प्राचीनत्वाचा होता ती तेव्हा कोसळायला हवी होती. माझ्या समजुतीप्रमाणे ती कोसळली नाही. आद्य ज्ञानाने फक्त बिऱ्हाड हलवले, आणि ते हलवत हलवत पुढे गिरगावापर्यंत आले. यावर सभासदांनी लिहावे.

मीना_वाचते

लेख आवडला. परंतु 'दाखवून दिले' या दोन शब्दांत आपण फार मोठी गोष्ट उरकली आहे. हजार वर्षांहून अधिक काळ ज्याचे प्राचीनत्व मोठमोठ्या धर्मपंडितांनी मानले, त्याचे वय एका माणसाने कागदावरून कसे ठरवले? उत्खनन नाही, शिलालेख नाही, आणि इजिप्तची लिपी तर तेव्हा कोणाला वाचताही येत नव्हती.

ताम्रपट

आक्षेप मान्य. कॅसोबाँ हा जिनिव्हात जन्मलेला प्रोटेस्टंट ग्रीकपंडित होता आणि आयुष्याची शेवटची वर्षे तो इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाने राहिला. हर्मीसचा समाचार घेणे हा त्याचा मूळ हेतूच नव्हता. कार्डिनल बॅरोनियस याने लिहिलेल्या चर्चच्या प्रचंड इतिहासातील चुका काढण्याचे काम त्याने हाती घेतले होते, आणि त्या ओघात हर्मीस आडवा आला.

त्याचे युक्तिवाद साधे आहेत, म्हणूनच ते टिकले. हा ग्रंथ इतका जुना असता तर प्लेटो, ॲरिस्टॉटल यांच्यापैकी कोणी त्याचा उल्लेख का करत नाही? मोझेसच्या समकालीन माणसाच्या लेखनात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील फिडियस या ग्रीक शिल्पकाराचे नाव कसे येते? त्यातील पुष्कळ कल्पना प्लेटोच्या 'टिमेयस'शी, बायबलातील उत्पत्तीच्या कथेशी आणि योहानाच्या शुभवर्तमानाशी जुळतात. मग कोणी कोणाचे घेतले? सर्वांत मार्मिक मुद्दा भाषेचा आहे. 'कॉसमॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ विश्व असाही होतो आणि सजावट असाही होतो, आणि पोथीतला एक विचार या श्लेषावरच उभा आहे. इजिप्शियन भाषेतून भाषांतरित झालेल्या ग्रंथात ग्रीक श्लेष येईल कुठून? शिवाय त्यातील ग्रीक ही जुनी ग्रीक नसून उत्तरकालीन, तत्त्वज्ञांच्या परिभाषेने भरलेली ग्रीक आहे. हे पुस्तक छापले गेले त्याच वर्षी, जुलै महिन्यात, कॅसोबाँ वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले.

गंमत अशी की त्याच १६१४ साली जर्मनीत कासेल येथे रोझिक्रूशियन बंधुसंघाची पहिली पत्रिका छापली गेली. १३७८ साली जन्मलेला आणि १०६ वर्षे जगलेला कोणी ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्स पूर्वेकडून ज्ञान घेऊन आला, आणि मृत्यूनंतर १२० वर्षांनी त्याचे गुप्त थडगे उघडले गेले, अशी ती कथा होती. १६१६ साली आलेली तिसरी रचना योहान व्हॅलेंटिन आंद्रेए याची होती, आणि तिला त्याने स्वतःच पुढे खेळ म्हटले. पण तोवर लोक या बंधूंना शोधू लागले होते. १६२३ साली पॅरिसमध्ये त्यांच्या आगमनाची भित्तिपत्रके लागली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा चरित्रकार बाये सांगतो, की या 'अदृश्य' बंधूंपैकी आपण एक असल्याची अफवा खोडून काढण्यासाठी देकार्तला पॅरिसमध्ये मुद्दाम लोकांच्या डोळ्यांसमोर वावरावे लागले. हर्मीसचे वय उतरले आणि त्याच वर्षी नव्या थडग्याचा दरवाजा उघडला, याला मी बिऱ्हाड हलवणे म्हणतो.

शंकेखोर

धाग्याचा विषय मनोरंजक आहे, पण थोडे थांबावे. ज्याचा पाया खोटा ठरला त्याचा 'व्यापक प्रभाव' सांगताना बहुधा असे होते, की वैज्ञानिक क्रांती, चित्रकला, स्वातंत्र्यलढा, जे जे मोठे आहे त्याच्या मुळाशी कोणीतरी गूढवादी बसवला जातो. कोपर्निकसने हर्मीसचे नाव घेतले, म्हणून सूर्यकेंद्री सिद्धान्त हर्मेटिक, म्हणजे हर्मीसच्या परंपरेतला. ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञाला जाळले, म्हणून तो विज्ञानाचा हुतात्मा. यातले खरे किती?

उदकशांत

शंकेखोर यांनी बोट ठेवले ती जागा अभ्यासकांनाही दुखरी वाटते. १९६४ साली फ्रान्सिस येट्स या लंडनच्या वॉरबर्ग संस्थेतील विदुषीने ब्रूनोवरील आपल्या ग्रंथात मांडले, की जगाकडे नुसते पाहत न राहता त्यावर क्रिया करू पाहणारा हर्मेटिक मांत्रिक हा आधुनिक वैज्ञानिकाचा एक पूर्वज होय. या मांडणीमुळे हा विषय विद्यापीठात प्रतिष्ठित झाला, हे खरे. परंतु पुढील पिढीने ती बरीच तासून काढली. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात ट्रिस्मेजिस्टसने सूर्याला दृश्य देव म्हटल्याचा उल्लेख खरोखर आहे, पण तो एका ओळीचा आहे आणि त्याचे गणित त्या ओळीवर उभे नाही. ब्रूनोला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जाळले, त्या खटल्याचे मूळ कागद हरवले आहेत. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या सारांशात धर्मतत्त्वांविषयीचे आक्षेपच अधिक दिसतात.

तेव्हा 'मुळाशी' हा शब्द टाळलेला बरा. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील व्हाउटर हानेग्राफ यांनी या साऱ्या परंपरेला 'नाकारलेले ज्ञान' म्हटले आहे, आणि मला ती व्याख्या सर्वांत उपयोगी वाटते. प्रबोधनकाळातील विद्वानांनी आपली सीमा आखताना जे जे कुंपणाबाहेर टाकले, ते बाहेर एकत्र पडल्यामुळे एका जातीचे दिसू लागले. किमया, ज्योतिष, कबाला आणि जादू यांची मोट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. ती बऱ्याच अंशी त्यांना हद्दपार करणाऱ्यांनी बांधलेली आहे. त्याआधी आंत्वान फेव्हर यांनी १९९२ साली केलेली व्याख्या वेगळी होती: विश्वातील वस्तूंमधील साधर्म्यसंबंध, सजीव निसर्ग, कल्पनाशक्तीचे माध्यम आणि साधकाचे रूपांतर, अशी चार लक्षणे त्यांनी सांगितली होती. ती नीटस आहे, पण सोळाव्या शतकाच्या मापाने शिवलेली आहे. विसाव्या शतकातील मंडळींना ती अंगाला बसत नाही.

रसशाळा

उदकशांत यांच्या कुंपणाच्या मुद्द्याला माझ्या विषयातून पुष्टी देतो. मी अनेक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि दरवर्षी पहिल्या तासाला किमयागारांच्या वेडेपणावर मुलांना हसवले. आज तसे करणार नाही.

न्यूटनच्या किमयेविषयीच्या लेखनाची शब्दसंख्या सुमारे दहा लाख आहे. १८७२ मध्ये त्याचे कागद केंब्रिजकडे आले, तेव्हा गणिताचे कागद ठेवून घेण्यात आले आणि किमयेचे कागद वैज्ञानिक मोलाचे नाहीत म्हणून घराण्याला परत गेले. १९३६ साली सदबीजने लंडनमध्ये त्यांचा लिलाव केला आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यांतील बराच भाग मिळवला. न्यूटन हा बुद्धियुगाचा पहिला माणूस नसून मांत्रिकांमधला शेवटचा होता, हे त्यांचे वाक्य आता प्रसिद्धच आहे. ते ज्या भाषणातले आहे ते १९४६ साली, केन्स वारल्यानंतर, त्यांच्या भावाने वाचून दाखवले. त्याच कागदांत न्यूटनने स्वतः इंग्रजीत उतरवलेली हर्मीसची 'पाचूची पाटी' आहे: जे खाली ते वरच्यासारखे आणि जे वर ते खालच्यासारखे. म्हणजे कॅसोबाँला जाऊन अर्धशतक उलटल्यावरही हर्मीसच्या नावाचा मजकूर केंब्रिजमध्ये आस्थेने अभ्यासला जात होता.

केन्स यांचे वाक्य सुंदर असले तरी मला ते अर्धेच बरोबर वाटते. न्यूटनला या कामात जादू करायची नव्हती. तो मूस, भट्टी आणि तराजू घेऊन बसला होता. रॉबर्ट बॉइलही याच पंथातला. सोन्याची 'वाढ' करणे गुन्हा ठरवणारा १४०४ चा इंग्लंडमधील कायदा १६८९ साली रद्द झाला, त्यामागे बॉइलचे प्रयत्न होते. किमयेच्या पोथ्यांतील हिरवा सिंह, काळा कावळा ही पदार्थांची सांकेतिक नावे होती. लॉरेन्स प्रिन्सिपी या अमेरिकन रसायनज्ञाने सतराव्या शतकातील कृती उलगडून, सोने आणि विशेष रीतीने सिद्ध केलेला पारा बंद चंबूत मंद आचेवर ठेवून, पोथीत वर्णिलेले झाड प्रयोगशाळेत प्रत्यक्ष वाढवून दाखवले. सोने अर्थातच वाढले नाही. पण वर्णन खोटे नव्हते, आणि ज्याला मी भाकडकथा म्हणून शिकवत होतो ती प्रयोगवही होती.

शंकेखोर

हे पटले. मात्र यातून किमयेतला रसायनाचा भाग वाचतो. गूढविद्येचा वाचतो असे नाही.

रसशाळा

मान्य. पण त्या माणसांना ही फाळणी मान्य नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

गिरगावकर_जुना

ताम्रपट यांनी गिरगावाचे नाव घेतलेच आहे, तर तो धागा मी पुढे नेतो.

७ सप्टेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या बिऱ्हाडी जॉर्ज फेल्ट या गृहस्थांचे व्याख्यान झाले. विषय होता प्राचीन इजिप्शियनांचे हरवलेले प्रमाणशास्त्र. त्या रात्रीच्या चर्चेतून एक संस्था काढण्याचे ठरले. कर्नल ऑल्कॉट यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की नाव ठरवताना इजिप्टॉलॉजिकल, हर्मेटिक, रोझिक्रूशियन असे पर्याय पुढे आले आणि अखेरीस शब्दकोश चाळताना 'थिऑसफी' (दैवी ज्ञान) हा शब्द सापडला; हीच ती थिऑसफिकल सोसायटी. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या १८७७ मधील पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या नावातही इजिप्तची इसिस देवीच आहे. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट ही जोडी मुंबई बंदरात उतरली, गिरगावात राहू लागली, पुढे ब्रीच कँडीला 'क्रोज नेस्ट' नावाच्या बंगल्यात गेली. ऑक्टोबर १८७९ मध्ये 'द थिऑसफिस्ट' मासिक मुंबईतून निघाले आणि १८८२ च्या अखेरीस मंडळी मद्रासजवळ अड्यारला गेली. १८८८ साली बाईंचा दुसरा मोठा ग्रंथ आला, तोवर आद्य ज्ञानाचे मूळ पीठ नाईलकाठावरून उठून तिबेटात गेले होते. शाँपोलियोंने १८२२ साली चित्रलिपीचे कोडे सोडवल्यानंतर इजिप्तचे लेख कोणालाही वाचता येऊ लागले होते. तिबेट मात्र अजून बंद होता.

मुंबईतली मंडळी या प्रकरणात नुसती श्रोत्यांच्या भूमिकेत नव्हती. 'एक हिंदू' या नावाने १८६१ साली 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे तुकाराम तात्या पडवळ या संस्थेचे खंदे कार्यकर्ते झाले. त्यांच्या याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती जोतीराव फुले यांनी १८६५ साली प्रसिद्ध केली होती. तात्यांनी संस्थेच्या प्रकाशन निधीतून योगसूत्रांसारखे ग्रंथ इंग्रजीत छापवले, आणि तुकोबांच्या अभंगांची गाथाही काढली. जातिभेदावर कोरडे ओढणाऱ्या माणसाला या विदेशी मंडळीत काय दिसले असेल, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो. जन्माने ठरत नसलेला आणि तरीही धर्म न सोडता मिळणारा अध्यात्माचा अधिकार, हे माझे उत्तर आहे. अहमदाबादेत जन्मलेले मराठी ब्राह्मण तरुण दामोदर मावळणकर यांनी तर संस्थेसाठी जात सोडली, आणि १८८५ साली महात्म्यांच्या, म्हणजे तिबेटात गुप्तपणे राहतात असे मानल्या गेलेल्या गुरूंच्या, शोधात ते दार्जिलिंगमार्गे तिबेटकडे गेले ते परतलेच नाहीत. दयानंद सरस्वतींनी मात्र सुरुवातीची युती मोडून १८८२ साली मुंबईतच या मंडळींचा जाहीर निषेध केला. महात्म्यांच्या नावे येणारी पत्रे बाईंनीच रचल्याचा निष्कर्ष रिचर्ड हॉजसन यांच्या १८८५ च्या अहवालात निघाला; या अहवालाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली.

शंकेखोर

आता काँग्रेस थिऑसफीने स्थापन केली असे कोणीतरी लिहील, म्हणून आधीच सांगतो. ह्यूम हे काही काळ थिऑसफिस्ट होते, परंतु १८८५ पूर्वीच त्यांचे ब्लाव्हाट्स्कीबाईंशी बिनसले होते. काँग्रेसची कल्पना थिऑसफिकल अधिवेशनानंतर मद्रासला जमलेल्या मंडळींतून निघाली, असे सांगणाऱ्या ॲनी बेझंट पुढे स्वतः थिऑसफिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या, हे विसरू नये. गांधीजींना १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये दोन थिऑसफिस्ट बंधूंमुळे अर्नोल्डच्या इंग्रजी अनुवादातून गीता प्रथम वाचावीशी वाटली, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे; तेवढे मी मानतो.

मीना_वाचते

आपल्या घरात शिरलेला एक प्रभाव कोणीच सांगितला नाही, म्हणून लिहिते. योगवर्गांच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंगवलेली सात चक्रे असतात आणि ती आपण प्राचीन समजतो. सोळाव्या शतकातील 'षट्चक्रनिरूपण' या संस्कृत ग्रंथात अनाहताची कांती बंधूक फुलासारखी, म्हणजे तांबडी आहे. तक्त्यात ते हिरवे असते. मणिपूर तिथे भरलेल्या मेघाच्या वर्णाचे आहे, तक्त्यात पिवळे. हा ग्रंथ वुडरॉफ यांनी १९१९ साली इंग्रजीत आणला, लेडबीटर या थिऑसफिस्टाने १९२७ साली चक्रांवर स्वतःचे सचित्र पुस्तक काढले, आणि इंद्रधनुष्याचा क्रम तर त्याच्याही नंतर पश्चिमेत रूढ झाला. आपलीच वस्तू आपल्याकडे परत आली, पण वाटेत कोणीतरी तिला नवा रंग दिला.

त्याच लेडबीटर आणि बेझंटबाईंनी विचारांना रंग आणि आकार असतात असे सांगणारे सचित्र पुस्तक १९०५ साली काढले होते. चित्रकार कँडिन्स्की थिऑसफीचे वाचन करत होता, आणि चित्रकार माँड्रिआन १९०९ साली नेदरलँड्समधील थिऑसफिकल सोसायटीचा सभासद झाला. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासून अमूर्त चित्रे काढत होती, आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ती दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती. इथे मी 'मुळाशी' हा शब्द वापरायला कचरणार नाही.

उदकशांत

मूळ प्रश्नाकडे परत येऊन एक दुरुस्ती सुचवतो. कॅसोबाँ काळाबाबत बरोबर होता, कर्त्याबाबत नव्हता. त्याला ही पोथी ख्रिस्ती माणसाची बनावट वाटली. आज ती इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील, रोमन अमलाखालच्या इजिप्तमधील ग्रीक लिहिणाऱ्या मंडळींची मानली जाते. १९४५ साली वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे मातीच्या रांजणात सापडलेल्या कॉप्टिक पोथ्यांत हर्मीसचे लेखनही निघाले. त्यातील एका संवादात गुरू शिष्याला सांगतो, की हा उपदेश फिरोजा या निळसर पाषाणाच्या स्तंभांवर चित्रलिपीत कोरून डिओस्पोलिसच्या मंदिरात ठेव. म्हणजे पोथी मोझेसच्या काळातली नसली, तरी ती लिहिणारे स्वतःला इजिप्तच्या मंदिरपरंपरेचे वारस समजत होते. फिचिनो वयाबाबत फसला. गावाबाबत तितका फसला नव्हता.

ताम्रपट

दुरुस्ती स्वीकारतो, आणि तिला जोडून एक उतारा सांगतो. फिचिनोच्या हस्तलिखितात चौदाच प्रकरणे होती, त्यामुळे सोळावे प्रकरण त्याच्या भाषांतरात नाही; ते नंतर लोदोविको लाझ्झारेल्ली याने लॅटिनमध्ये आणले. त्यात हर्मीसचा शिष्य अस्क्लेपियस अम्मोन राजाला बजावतो, की हा ग्रंथ ग्रीकांच्या हाती पडू देऊ नकोस आणि त्याचे भाषांतर होऊ देऊ नकोस, कारण ग्रीकांचे बोलणे पोकळ आणि नखरेल असते, आमच्या शब्दांच्या नादात मात्र प्रत्यक्ष सामर्थ्य आहे. हा सगळा उपदेश उत्तम ग्रीकमध्ये लिहिलेला आहे.